धरणे आणि सोडणे

आपल्या अंगात जोर आला आहे हे जगास दाखवावयाचे झाले म्हणजे लहान मूल कोपर दुमडते आणि दंडाची बेडकुळी काढून दाखविते. या शब्दाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. परंतु तो मोठा मार्मिक आहे. कातडीखाली एक लहानसा बेडूक दबा धरून बसला आहे आणि हात दुमडताच तो फुगून वर येतो, असे ज्या कोणा पूर्वजास प्रथम वाटले असेल त्याच्या निरीक्षणशक्तीचे आम्हांस कौतुक वाटते. रोमन लोकांना त्याच ठिकाणी बेडकाऐवजी उंदीर दिसला. लॅटिन भाषेत 'मुस्क्युलुस' म्हणजे छोटा उंदीर. त्यावरूनच इंग्रजीतील 'मसल' हा शब्द आला. या दोहोंत आम्ही आपल्या बेडकास अधिक गुण देऊ, आणि ते केवळ स्वभाषाभिमानाने नव्हे. अठराव्या शतकापासून युरोपातील शास्त्रज्ञांनी स्नायूंविषयी जे ज्ञान मिळविले त्यातील पुष्कळसे बेडकाच्याच मांडीतून मिळविलेले आहे.

एरवी मात्र मांसाच्या वाट्यास भाषेत फारसा मान आलेला नाही. हृदयास कवींनी उचलून धरले, मेंदूस तत्त्वज्ञांनी. पोटालाही 'पापी' म्हणून का होईना एक स्थान मिळाले. मांसाचा उल्लेख आपण 'हाडामांसाचा गोळा' असा करतो, आणि त्यात देहाची थोरवी सांगण्याचा हेतू नसतो हे उघड आहे. आमच्यासारख्या पुस्तकी पेशाच्या घरांतून तर दंड-मांड्या ही तालमीतल्या मंडळींची मिळकत, आपणास तिच्याशी काय कर्तव्य, अशीच समजूत असते. वस्तुतः प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग या ऐच्छिक स्नायूंचाच असतो. मग तो पुरुष पहिलवान असो की प्राध्यापक. सहाशेहून अधिक स्नायू आपण अंगावर बाळगतो, आणि पुस्तकाचे पान उलटणे देखील त्यांच्यावाचून घडत नाही.

त्यांच्या नावाचीही एक मौज आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मानवी देहात ५०० पेशी व ९०० स्नायू असल्याचे सांगितले आहे. तेथे 'पेशी' म्हणजे मांसाचा वेगळा ओळखू येणारा पिंड, आणि 'स्नायू' म्हणजे सांधे बांधून ठेवणारा चिवट दोर. आजच्या मराठीत या शब्दांनी आपली घरे बदलली. मांसाच्या पिंडास आपण स्नायू म्हणू लागलो, आणि रिकाम्या झालेल्या 'पेशी' या शब्दावर सजीवांच्या सूक्ष्मतम घटकाचा अर्थ लादला. आमचा विषय प्राणिशास्त्र. त्यामुळे दर वर्षी पहिल्या तासास हा खुलासा आम्हांस करावाच लागतो. तथापि पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागल्यावर असे दिसते की, हा गोंधळ अगदीच निरर्थक नव्हे. स्नायूचा एकेक तंतू हा खरोखरच एक पेशी असतो. मात्र गर्भावस्थेत पुष्कळ लहान पेशी एकमेकींत विरघळून तो तयार झालेला असल्यामुळे त्याच्या पोटात केंद्रके असतात शेकड्यांनी. कित्येकांचे मिळून झालेले असे हे एक असते.

काचपट्टीवर काय दिसते ते थोडक्यात सांगतो. रंगविलेला छेद भिंगाखाली धरला म्हणजे गुलाबी रंगाचे लांबच लांब तंतू एकमेकांस लागून पडलेले दिसतात. काथ्याच्या दोरात जशी पेडांची रचना असते तशीच येथे आहे. अनेक तंतूंची एक जुडी, तिच्याभोवती पातळ वेष्टण. अनेक जुड्यांचा एक स्नायू, त्यावर आणखी वेष्टण. आणि शेवटी ही सारी वेष्टणे एकत्र होऊन त्यांची पांढरी कंडरा बनते व ती हाडास जाऊन चिकटते. तंतूची जाडी एखाद्या केसाएवढी किंवा त्याहून कमी. परंतु विद्यार्थ्यांच्या तोंडून 'अरे वा' असा उद्गार निघतो तो जाडी पाहून नव्हे. भिंग अधिक शक्तीचे लावले की प्रत्येक तंतूवर आडव्या रेघा उमटलेल्या दिसतात. एक गडद, एक फिकी, पुन्हा गडद, पुन्हा फिकी. एखादी सतरंजी उलगडत जावी तशा अगदी मापून घातलेल्या. निसर्गात इतकी काटेकोर शिस्त पाहण्याची आपणास सवय नसते. जिवंत मांसाच्या आत कोणी फूटपट्टी ठेवून गेले असावे असे क्षणभर वाटते.

या रेघा सतराव्या शतकातच हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यास आपल्या घरी घासलेल्या भिंगांतून दिसल्या होत्या. १८४० साली लंडनच्या विल्यम बोमन याने त्यांचे पद्धतशीर वर्णन केले. परंतु त्या आहेत कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर मिळावयास आणखी शंभरांवर वर्षे जावी लागली. स्नायू आखडतो हे तर सर्वांस ठाऊक. पण आखडतो म्हणजे त्यातील नेमके काय आखूड होते? बहुतेकांची समजूत अशी की, आत कोठेतरी स्प्रिंगसारखे वेटोळे असले पाहिजे आणि तेच आवळले जात असले पाहिजे.

१९४० नंतरच्या युद्धकाळात हंगेरीतील सेगेद येथे अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांचे सहकारी स्नायूतील प्रथिनांचा अभ्यास करीत होते. 'मायोसिन' हे एक प्रथिन पूर्वीपासून माहीत होते. १९४२ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत ब्रुनो श्ट्राउब यांनी 'ॲक्टिन' हे दुसरे वेगळे काढले. या दोहोंच्या मिश्रणाचे बारीक धागे काचेत ओढून त्यांवर 'एटीपी' नावाचे एक रसायन घातले, तेव्हा ते निर्जीव धागे आखडून लहान झाले. हे दृश्य प्रथम पाहिले तो आपल्या आयुष्यातील बहुधा सर्वांत रोमहर्षक क्षण होता, असे सेंट-ज्यॉर्जी यांनी मागाहून लिहून ठेविले आहे. नोबेल पारितोषिक त्यांना १९३७ सालीच मिळून चुकले होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या उद्गाराचे वजन कळते.

खरा उलगडा १९५४ च्या मे महिन्यात झाला. 'नेचर' या साप्ताहिकाच्या एकाच अंकात लागोपाठ दोन निबंध प्रसिद्ध झाले. एक केंब्रिजचे अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के यांचा, आणि दुसरा ह्यू हक्सली व जीन हॅन्सन या विदुषी यांचा. दोघे हक्सली एकमेकांचे कोणी नव्हते. पहिले मात्र डार्विनचे कैवारी टॉमस हक्सली यांचे नातू आणि कादंबरीकार ऑल्डस हक्सली यांचे सावत्र बंधू. एकाने जिवंत बेडकाचा तंतू तपासला, दुसऱ्याने सशाचा. आणि दोघेही एकाच निष्कर्षास आले. स्नायू आखडतो तेव्हा गडद पट्टा जसाच्या तसा राहतो. अरुंद होतो तो फिका पट्टा. अर्थ असा की, आत काहीच आखूड होत नाही. जाड तंतुक मायोसिनचे, बारीक तंतुक ॲक्टिनचे. आणि हे दोघे आपापली लांबी मुळीच न बदलता एकमेकांच्या मधून सरकतात. काडेपेटीच्या आवरणात दोन्ही तोंडांनी दोन अर्ध्या पेट्या आत सरकवाव्या, म्हणजे एकूण लांबी कमी होते. पण आवरणही तेवढेच राहते आणि पेट्याही तेवढ्याच राहतात. तसाच हा प्रकार.

अशा एका कप्प्यास 'सार्कोमिअर' म्हणतात. त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम अडीचपट. म्हणजे एक सेंटिमीटर तंतूत असे सुमारे ४,००० कप्पे एकापुढे एक मांडलेले असतात. आता हिशेब करून पाहावा. दहा सेंटिमीटर लांबीच्या तंतूत ४०,००० कप्पे झाले; प्रत्येक कप्पा अर्धा मायक्रोमीटर जरी आत सरकला, तरी एकूण दोन सेंटिमीटरांची ओढ निर्माण होते. एवढ्यावर कोपर दुमडते आणि घागर कमरेवर येते. ज्या सरकण्याची एकट्याने काहीच किंमत नाही ते चाळीस हजार वेळा एकाच क्षणी घडले म्हणजे त्याचे काम होते.

पण तंतुक सरकतात कसे? येथे आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. प्रत्येक जाड तंतुकास मायोसिनची शेकडो डोकी फुटलेली असतात. जवळच्या बारीक तंतुकास ती पकडतात, मान वाकवून त्यास आत ओढतात, सोडतात, आणि पुढची जागा पकडतात. रहाट नसलेल्या विहिरीतून पोहरा ओढणाऱ्या मनुष्याचे हात आठवावे. एक हात दोर धरतो, ओढतो. आणि तो सोडून पुढे पकड घेईपर्यंत दुसरा हात भार सांभाळतो. दोर धरून ठेवणे एवढेच ज्या हातास येते त्याच्याकडून पोहरा वीतभरही वर येणार नाही. वर येतो तो सोडण्यामुळे.

आणि या सोडण्यासच मोल पडते. मायोसिनचे डोके एकदा ॲक्टिनला चिकटून ओढून झाले की आपण होऊन सुटत नाही. एटीपीचा एक नवा कण येऊन त्याला बिलगावा लागतो. तो बिलगला की पकड सुटते. मग त्या कणाचे विघटन होऊन जी शक्ती निघते तिने डोके पुन्हा ताठ होते आणि पुढची पकड घेण्यास सिद्ध होते. एटीपी मिळाला नाही तर डोके आहे तेथे चिकटून राहते. पकड ही स्थिती फुकट मिळते. सुटका विकत घ्यावी लागते. या एटीपीचा शोध १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना लागला. हे सुब्बाराव आंध्रातील भीमावरमचे. १८९५ सालचा त्यांचा जन्म. शाळेच्या पुस्तकांतून त्यांचे नाव जितके यावयास हवे तितके येत नाही, हे येथे जाता जाता नमूद करून ठेवतो. स्नायूत एटीपीचा साठा असतो तो काही सेकंदांपुरताच. पुढे तो क्षणोक्षणी नवा करावा लागतो. श्वास आणि अन्न यांची यातायात पुष्कळ अंशी याचसाठी आहे.

आज्ञेच्या बाबतीतही हाच न्याय. मेंदूचा निरोप मज्जातंतूवाटे आला की तंतूच्या आतील बारीक पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर सांडते, आणि बारीक तंतुकावरील अडसर दूर होऊन डोक्यांस जागा मोकळी होते. हा अडसर व कॅल्शियमचे हे कार्य जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात उलगडून दाखविले. कॅल्शियम सांडते ते उतारावरून पाणी वाहावे तसे, आपोआप. परंतु ते पुन्हा पिशव्यांत भरून स्नायू सैल करावयाचा तर उपसा करावा लागतो, आणि त्या उपशासही एटीपीच लागतो. 'अंग सैल सोडा' असे आपण सहज म्हणतो. सैल सोडणे हे देखील कष्टाचेच काम आहे.

हे सारे आम्ही पंचवीस-तीस वर्षे फळ्यावर काढीत आलो. काढताना त्यात आपल्या घरचे काही आहे असे वाटले नव्हते. आमचे वडील, ज्यांना आम्ही सारी भावंडे अण्णा म्हणत असू, ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. सत्तरी उलटेपर्यंत त्यांचे पहाटेचे सूर्यनमस्कार चुकले नाहीत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्यापाशी हाड मोडले. हाड शस्त्रक्रियेने जुळले. परंतु दीड महिन्याच्या अंथरुणात त्यांच्या मांड्या अशा उतरल्या की, धोतर नेसवताना आम्हांस दृष्टी वळवावी लागे. ज्या वैद्यमहाशयांना आम्ही विचारले त्यांनी 'आता वयच झाले, चालायचेच' एवढे म्हणून विषय संपविला. चालावयाचे नव्हतेच, ही त्यातील खोच त्यांच्या ध्यानी आली नसावी.

वय झाले म्हणजे स्नायूंत काय होते ते आम्ही जाणत होतो. मज्जारज्जूतील पेशी एकेक करून मावळतात, आणि त्यांच्या हुकमतीतील तंतू पोरके होतात. त्यांतील काहींस शेजारचा मज्जातंतू शाखा फोडून दत्तक घेतो. ज्यांना कोणी घेत नाही ते वाळून जातात. चपळ हालचालींचे तंतू आधी जातात, म्हणून म्हाताऱ्या माणसाचा तोल गेला की सावरणारा पाय वेळेवर पुढे पडत नाही. या झिजेस 'सार्कोपेनिया' असे नाव १९८९ साली मिळाले. परंतु कथा येथेच संपत नाही. तंतूंच्या कडेला काही लहान पेशी जन्मभर निजलेल्या असतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी त्या प्रथम दाखविल्या. स्नायूस इजा झाली अथवा ताण पडला की त्या जाग्या होऊन डागडुजीस लागतात. आणि १९९० साली बोस्टन येथील एका वृद्धगृहातील, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांनी वजन उचलण्याचा व्यायाम करवून घेण्यात आला. त्यांतील नऊ जणांनी तो पुरा केला, आणि त्यांच्या मांड्यांचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक वाढले. नव्वदीतील मांस देखील हाक मारली तर ओ देते.

पुढे व्यायामोपचार करणारी एक मुलगी घरी येऊ लागली. तिने फार काही केले नाही. एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेविली आणि म्हणाली, "आजोबा, हातांचा आधार न घेता उठायचं, आणि धपकन न बसता हळूहळू बसायचं." पहिल्या दिवशी तिने काखेत हात घालून उठविले तेव्हा एकदा झाले. अण्णा जन्माचे शिक्षक. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात '१' लिहिला. आठ दिवसांनी '३' झाला. बसण्याचाच त्यांना अधिक त्रास होई, आणि ते म्हणत, "उठणं जमतं रे, पण बसताना मांडी सोडीत सोडीत खाली यायचं, ते कठीण." स्नायूने भार पेलीत हळूहळू लांब होत जाणे ही या विद्येतील नाजूक बाब त्यांनी कोणतेही पुस्तक न वाचता नेमक्या शब्दांत सांगितली. अडीच महिन्यांनी चौकोनात '१२' आला, आणि ते काठी टेकीत अंगणातील तुळशीपर्यंत जाऊ लागले. त्यानंतर दोन वर्षे ते होते.

गेले ते एका हिवाळ्यातल्या रात्री, झोपेतच. नातेवाईक गावाहून येऊन पोहोचेपर्यंत पहाट झाली. तोवर शरीर ताठ झाले होते. उजवा हात कोपरात दुमडलेला, बोटे छातीपाशी मिटलेली. हात सरळ होईना, तेव्हा त्यांची धाकटी बहीण, आमच्या आत्याबाई, पायाशी बसून म्हणाल्या, "दादाचा जीव कशात तरी अडकलाय रे. मूठ सोडवत नाहीये त्याला." कोणीतरी जोर लावून हात सरळ करू पाहत होते. आम्ही म्हटले, "राहू द्या. दिवसभरात आपोआप सैल होईल."

त्या मुठीचे कारण आम्हांस ठाऊक होते. श्वास थांबला की एटीपीचा पुरवठा आटतो. कॅल्शियमचा उपसा बंद पडून ते तंतूंत पसरते. कोट्यवधी डोकी ॲक्टिनला जाऊन चिकटतात, आणि त्यांना सोडविणारा कण येत नाही. काही तासांत सारे शरीर ताठ होते. पुढे एक-दोन दिवसांत प्रथिनेच विरघळू लागली म्हणजे तो ताठपणा जातो. उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा. यात वासना नाही, आसक्ती नाही. आत्याबाईंना वाटले की, अण्णा काहीतरी घट्ट धरून आहेत. खरे पाहता त्या मुठीत धरण्याची इच्छा नव्हती. फक्त सोडण्याचे साधन संपले होते. हे दोन अर्थ आम्हांस त्या पहाटे अगदी वेगळे वाटले, आणि दुसऱ्याने आमचे मन पुष्कळ हलके झाले. ज्या माणसाने दोन वर्षे खुर्चीत सावकाश, मांडी सोडीत सोडीत बसण्याची शिकस्त केली, त्यास सोडावयाचे कसे हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

आत्याबाईंना आम्ही यातले काही सांगितले नाही. त्यांचे दुःख त्यांच्या शब्दांत ठीक होते. आमच्यापुरते एवढेच झाले की, वर्गात या धड्याशी आल्यावर आता आम्ही पूर्वीपेक्षा थोडे अधिक थांबतो. मुले 'स्नायू आखडतो कसा' हे पाठ करून येतात. 'सुटतो कसा' हे विचारले की गडबडतात. प्रश्नपत्रिकेत तो प्रश्न आम्ही मुद्दाम घालतो.

आणि भिंतीला टेकविलेली ती खुर्ची आम्ही तेथून हलविलेली नाही. आमचीही पन्नाशी उलटून काही वर्षे झाली. दिवसाकाठी एकदा तीवर हातांचा आधार न घेता उठबस करतो. दिनदर्शिका दर वर्षी बदलते, चौकोन तेच. आजच्या चौकोनात '१५' लिहून हा लेख लिहावयास बसलो.